पाहुणीचे देव

तळवडे,
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. योगिनीस,
आजीचे अ. उ. आशीर्वाद.

तुझा फोन आला होता. त्यातलं ‘हॅलो’ आणि ‘आजी’ एवढंच मला ऐकू आलं, बाकी सगळं नागपुरातच राहिलं. म्हणून पुन्हा कागद धरला. लिहिते आहे समोरच्या दारातली सुरय्या. तुझ्या आईकडून लिहून घेतलं असतं, पण मग तुझ्या आईविषयी काय लिहिणार? सुरय्याचं अक्षर मोत्यासारखं आहे म्हणतात. मला मोती आणि मुंग्या सारख्याच. तक्रार एकच. मी ‘हाय’ म्हणते, ती ‘आहे’ लिहिते. माझं बोलणं इस्त्री होऊन तुझ्याकडे येतं, चुण्या तू पाडून घे.

दिवाळीला येऊन तू भावाची, दिगूची खोली आफ्रिकेची केलीस, ती बघायला रोज कुणी ना कुणी येतं. काल वरच्या मजल्यावरच्या अंबुबाई आल्या. भिंतीचा मातकट रंग बघून म्हणाल्या, पैसे देऊन भिंत मळवून घेतली का? मी सांगितलं, व्हय, नात तेवढी शिकलीय. रुसू नको, मला रंग आवडला. महाळुंग्याच्या घरी आमी भिंतीला गेरू लावायचो, त्याच्या जवळपासचा आहे. गालिचा मात्र रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांसारखा, त्याच्यावर पाय ठेवण्याआधी मी दोन्हीकडे बघून घेते. आणि टोपल्या भिंतीवर का टांगल्यास? मग भाकरी कशात ठेवायची?

खरं विचारायचं ते मुखवट्यांचं. भोसरीच्या खंडूनं ते तुझ्यासमोर फायबरमध्ये ओतले, हे मला माहीत आहे. त्याचं काही नाही, गणपतीही कारखान्यातूनच येतो. पण हे आहेत कोण? एक लांब तोंडाचा, एक डोळे मिटलेला, एक दात काढलेला. देव आहेत की वाडवडील? रागीट कोण, मवाळ कोण? घरात नातसून येणार आणि तिच्या माणसांशी माझी साधी ओळख नसावी, हे बरं दिसत नाही.

सुरय्या विचारते, एवढा आटापिटा कशासाठी. तिला सांगते तेच तुझ्या कागदावर उतरू दे. दिगूला चाकणच्या कंपनीनं केनियात थिका नावाच्या गावी पाठवलं. तिथल्या स्टोअरमध्ये काम करणाऱ्या न्योकाबीशी त्यानं रजिस्टर लग्न केलं आणि मग आपल्याला फोटो पाठवला. तुझा बाप, दत्तोबा, पाऊस संपेपर्यंत त्याच्याशी बोलला नाही. आता दोघं येत्या रविवारी येतात, दोन महिन्यांसाठी. कंपनीनं दिगूला सांगितलंय, चाकणला परतायचं की तिकडंच कायम व्हायचं, ते जानेवारीअखेर कळव. तो बघणार तिच्या तोंडाकडे आणि ती बघणार या घराकडे. म्हणजे माझा नातू कुठं राहतो हे तुझ्या खोलीवर येऊन ठेपलंय. मी ऐंशीला टेकले, बाई. तो परत गेला तर पुन्हा दिसेल ह्याची हमी कोण देतं?

मुखवट्यांची नावं लवकर कळव. जावईबापूंना आशीर्वाद. लोभ तुझ्याकडे आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझी आजी,
सुभद्राबाई

*

नागपूर,
२९ नोव्हेंबर

ती. आजीस,
योगिनीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले आणि लगेच घाबरले. मुखवट्यांची नावं मला माहीत नाहीत. मोबाईलवर खूप फोटो बघितले, त्यांतले तीन निवडून खंडूकाकांना दिले. फोटोंच्या खाली नुसतं ‘आफ्रिकन’ लिहिलं होतं. काही ठिकाणी ते पूर्वजांचे असतात एवढं वाचलंय. दिगूला विचारणार होते, पण मग गंमत राहिली नसती.

आजी, मी लोकांची घरं सजवते, पण कुणी राहावं म्हणून खोली सजवायची वेळ पहिल्यांदाच आली. मला लग्नानंतर नागपूरला आल्यावर आठवडाभर झोप नव्हती. उशीसुद्धा परक्या वासाची होती. तिला निदान डोळे उघडल्यावर आपलं काहीतरी दिसावं, एवढंच डोक्यात होतं.

तुझ्याकडे एक मागणं. तिच्या वस्तूंना घरात कुणी नावं ठेवू नयेत. आईला तू सांग, मी सांगितलं तर ती चिडेल. आधीच मी सोफ्यावरचे आणि टीव्हीवरचे तिचे क्रोशाचे रुमाल काढून माळ्यावर टाकलेत. त्या खोलीशेजारी ते फारच जुनाट दिसत होते. अजून तिच्या लक्षात आलं नसेल तर आठवण करून देऊ नकोस.

सुरय्यामावशींना नमस्कार. तुझ्या आशीर्वादावर माझा हक्क आहे, तो पाठवत राहा.

तुझी,
योगिनी

*

तळवडे,
मंगळवार, १० डिसेंबर

चि. सौ. योगिनीस,
आजीकडून भरभरून आशीर्वाद.

मंडळी सुखरूप पोचली. मुलगी माझ्याहून हातभर उंच. भाकरतुकडा ओवाळायला मला पाटावर चढावं लागलं, आणि मी पडू नये म्हणून तिनंच मला धरलं. नवरीनं आजेसासूला धरून ओवाळून घेतलं, असं तळवड्यात पहिल्यांदाच घडलं असेल. दत्तोबा दारामागं उभा होता. तिनं वाकून नमस्कार केला तेव्हा त्याचा हात आपोआप वर आला, मग कुठं ठेवावा हे कळेना म्हणून डोकं खाजवलं. तुझी आई बोलून गेली, केस किती सुरेख विणलेत. मी तिला न्योकाबाई म्हणते. ती मला ‘शोशो’ म्हणते. तिकडं आजीला तसं म्हणतात.

आता मुख्य. मी तिला खोलीत नेलं. देव तिचे, मग आधी मान त्यांना. मी उंबऱ्यातच मुखवट्यांना हात जोडले. तिनं माझ्याकडे बघितलं आणि झटक्यात तिनंही जोडले, डोळेसुद्धा मिटले. माझं काम झालं. तू नावं कळवली नाहीस तरी एवढं कळलं की देव जागृत आहेत. तेव्हापासून रोज अंघोळ झाली की हळदकुंकू लावते, वर एकेक फूल. लांब तोंडाच्याला जास्वंद, दातवाल्याला झेंडू, मिटल्या डोळ्यांच्याला जे उरेल ते. ती शेजारी उभी राहून हात जोडते. भाषा नाही तरी देवधर्म जुळला. तुझ्या आईनं कुरकुर केली, फायबरला कुंकू कसलं लावता? मी म्हणाले, तुझ्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पितळेचा आहे, त्याला मी कधी मोड म्हणाले का?

दिगूला विचारलं, बाबा, हे बरोबर चाललंय ना? तो पहाटे कंपनीच्या बसनं जातो, संध्याकाळी वाळलेल्या भाजीसारखा परत येतो. त्यानं मान हलवली.

एकच काळजी आहे. पोरीला झोप लागत नाही. रात्री हॉलमध्ये येऊन सोफ्यावर बसते. जेवणही चिमणीएवढं. हवापाणी बदललं म्हणून असेल, पण मला दुसरीच शंका येते. ती पक्की झाली की लिहीन. तोवर तुझं शहाणपण पाठव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी,
सुभद्राबाई

(मावशीची ओळ: आजींना सांगितलं नाही, पण ती हात जोडताना मुखवट्यांकडे बघत नाही, आजींकडे बघते. — सुरय्या)

*

नागपूर,
१५ डिसेंबर

ती. आजीस शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. मला खरंच अभिमान वाटला, तुझा जास्त आणि माझा थोडा. खोलीनं तिला आपलंसं केलं म्हणायचं! दिगूला मेसेज केला होता. त्याचं उत्तर आलं, ‘सगळं ठीक’. लहानपणी पाय मोडला होता तेव्हाही तो हेच म्हणाला होता.

झोपेचं मला समजत नाही. भिंतीवर आणखी काहीतरी कमी असेल का? हस्तिदंती रंगाची एक मोठी ढाल बघून ठेवली आहे, मुखवट्यांच्या मधोमध छान दिसेल. पाठवू का? आणि तुझी शंका काय ती लवकर सांग, मला इथे चैन नाही.

तुझ्या मायेतला माझा वाटा राखून ठेव.

तुझी,
योगिनी

*

तळवडे,
रविवार, २२ डिसेंबर

चि. सौ. योगिनीस,
आशीर्वाद.

ढाल पाठवू नको. पाठवली असशील तर गाडी अडव.

माझी शंका अशी होती की देव उपाशी आहेत. आपल्याकडे म्हसोबाला नुसत्या फुलावर ठेवून बघ, घरात कुणाचा डोळा लागतो का ते. लांब तोंडाच्याचा चेहरा काही फुलांवर भागणाऱ्याचा दिसत नाही. त्याला मटण पाहिजे, हे मी ठरवून टाकलं. पण चालू आहे मार्गशीर्ष, आणि तुझ्या आईच्या, जयमालेच्या ओट्यावर मार्गशीर्षात अंडंसुद्धा चढत नाही. तिचे गुरुवार, तिचा घट. म्हणून सुरय्याला गाठलं. ती म्हणाली, शिजवून मी देते, तुम्ही ते कुणाला खाऊ घालता हे मला विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. आता हे ती स्वतःच लिहितेय, आणि हसतेय.

काल शनिवारी दुपारी जयमाला जरा आडवी झाली होती, तेव्हा पदराखाली ताट घेऊन मी निघाले. वास काही पदराखाली राहत नाही. खोलीच्या दारात जयमालेनं मला पकडलं. ती म्हणाली, आत्याबाई, ह्या महिन्यात ह्या घरात हे नाही. मी म्हणाले, पाहुणीचा देव उपाशी मारू का? ती म्हणाली, तुमच्या त्या फायबरच्या देवाला महिनाभर दम धरता येत नाही? मी म्हणाले, तुझ्या लक्ष्मीला एक दिवस नाक दाबता येत नाही? मग तिनं मागचं काढलं, मी त्याच्या मागचं काढलं. दत्तोबा चप्पल घालून खाली निघून गेला. त्याला भांडणाचा वास मटणाच्या आधी येतो.

मध्ये न्योकाबी, हातात उशी घट्ट धरून. एकदा माझ्याकडे बघते, एकदा ताटाकडे. सुरय्याची फरहीन सुट्टीमुळे घरी होती, तळवड्याच्याच आयटी पार्कमध्ये असते ना ती, तिला हाक मारली. न्योकाबीनं तिला इंग्रजीत विचारलं की दोघी का भांडताहेत. फरहीननं सांगितलं, तुझ्या देवाला काय जेवायला वाढायचं ह्यावरून.

पोरीनं उशी खाली ठेवली. मग भिंतीकडे बोट करून काहीतरी म्हणाली. फरहीननं दोनदा विचारून खात्री केली आणि मग दाराच्या चौकटीला टेकून हसायलाच लागली. आम्हा दोघींना धीर धरवेना. शेवटी तिनं सांगितलं. न्योकाबी म्हणत होती की हे माझे नाहीत, हे तुमचे आहेत ना?

योगिनी, ऐक. तिनं आयुष्यात असा मुखवटा घरात बघितलेला नाही. तिच्याकडचे ते नाहीतच. आफ्रिकेच्या पार दुसऱ्या टोकाला असतात म्हणाली, तिनं विमानतळावरच्या दुकानात बघितलेत. तिच्या घरची माणसं चर्चला जाणारी. ती खोलीत आली, म्हातारीनं भिंतीला हात जोडले. तिला वाटलं ही आपली कुलदैवतं, नव्या सुनेनं मान द्यायला हवा. रोज मी तिच्यासाठी हात जोडायचे आणि ती माझ्यासाठी. खंडूचं फायबर बसल्या जागी दोन्हीकडून पुजून घेत होतं.

आणि झोप? दातवाला तिच्या उशीच्या बरोबर समोर. दिवा घालवला की त्याचेच दात दिसतात. तिनं दिगूला विचारलं होतं, हे काढता येतील का? दिगू म्हणाला, आजीचं आहे, हात जोड, दोन महिन्यांचा प्रश्न आहे. इकडं मला मान हलवली, तिकडं तिला हे सांगितलं. त्याला वाटलं ही तुझी हौस आणि माझी भक्ती, कशाला दुखवायचं. त्यानं कुणालाच दुखवलं नाही, म्हणून सगळे जागे राहिले. संध्याकाळी आल्यावर माझ्याकडून, जयमालेकडून आणि न्योकाबीकडून त्याची दोन भाषांत पूजा झाली. कुंकू तेवढं लावायचं राहिलं.

मग मी विचारलं, बाई, तुझ्या घरी भिंतीवर असतं तरी काय? ती म्हणाली, मोठं घड्याळ, बँकेचं कॅलेंडर, शाळा पास झाल्याचा फोटो. आणि सोफ्यावर, टीव्हीवर, टेबलावर आईनं विणलेले क्रोशाचे रुमाल. फरहीननं हे सांगितलं तशी जयमाला उठली, माळ्यावर चढली आणि तू लपवलेलं गाठोडं घेऊन उतरली. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तू शहाणी. दोघी आता सोफ्यावर सुया घेऊन बसल्यात, एकमेकींचे टाके उसवून बघतात. मुखवटे काढले. एक वॉचमननं मागून नेला, पाण्याच्या टाकीपाशी दृष्ट लागू नये म्हणून बांधलाय.

मटण दिगूनं सुरय्याच्या घरी बसून खाल्लं.

पण हसण्यावर जाऊ नको. एक गोष्ट तिनं हसत सांगितली नाही. परवाच तिनं दिगूला सांगून टाकलंय की मला इथं राहता येणार नाही. ते मुखवट्यांमुळे की आणखी कशामुळे, हे मी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. तू विचार. तुझी खोली आहे.

जीव लावला आहेस तो काढून घेऊ नको.

आजी

*

तळवडे,
५ जानेवारी २०२५

प्रिय योगिनीताई,

हे मी इंग्रजीत लिहिलं आहे आणि फरहीन मराठीत उतरवून देते आहे. शोशोला ते सुरय्यामावशी वाचून दाखवणार आहेत, तेव्हा काही लपवून लिहिता येणार नाही.

तुमचं माफीचं पत्र मिळालं. माफी नको. माझ्यासाठी कुणीतरी टोपल्या टांगल्या, भिंत रंगवली, ह्याची किंमत मला कळते. त्या टोपल्या आमच्याकडे खरंच विणतात, आणि त्यात भाजी आणतात. मी त्यांतली एक काढून घेतली आहे. तुमची आई आणि मी सोमवारी तिच्यातून मेथी आणली.

तुम्ही विचारलंत, मुखवटे गेले, आता राहशील का? मी खूप विचार केला. मुखवटे होते तोवर मला उत्तर सोपं होतं. रात्री भीती वाटते, म्हणून राहत नाही, एवढं म्हटलं की झालं. आता भीती नाही, झोपही लागते, आणि तरी उत्तर तेच आहे. माझे वडील नाहीत. थिकाला आई एकटी शिवणाचं दुकान चालवते आणि माझा भाऊ अजून शिकतो. मी थोरली आहे. खोली कितीही चांगली केली तरी तिच्यात माझी आई मावणार नाही.

हे मी दिग्विजयला लग्नाआधी सांगितलं होतं. त्यानं घरी सांगितलं नाही. तुम्हाला त्याची सवय माहीत आहेच.

शोशोला हे सांगताना मला वाईट वाटतं. तिनं परक्या देवालासुद्धा उपाशी राहू दिलं नाही.

तुमची,
न्योकाबी

*

तळवडे,
गुरुवार, १६ जानेवारी

चि. सौ. योगिनीस,
संक्रांतीचे आणि एरवीचे, दोन्ही आशीर्वाद.

न्योकाबीचं पत्र सुरय्यानं मला वाचून दाखवलं. शेवटाला मीच उठून सुरय्याला पाणी दिलं. मग मी देवासमोर जाऊन बसले, आपल्याच देवासमोर, खात्री करून. राग आला होता. खोटं कशाला सांगू? दोन दिवस मी दिगूच्या हातचा चहा घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी जयमाला माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, आत्याबाई, मी ह्या घरात आले तेव्हा माझी आईही एकटीच होती. एवढंच म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. इतकी वर्षं एका ओट्यावर काढली, हे तिनं कधी काढलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मुलगी जाते तेव्हा आपण अक्षता टाकतो, वाजवतो. मुलगा निघाला तर तोंड कशाला पाडायचं? मी दिगूला हाक मारली आणि म्हणाले, जा बाबा, कळव तुझ्या कंपनीला. पण ह्यापुढं मान हलवायची नाही, तोंडानं बोलायचं. तो लहान मुलासारखा रडला. दत्तोबा पुन्हा चप्पल शोधत होता, पण ह्या वेळी गेला नाही.

संक्रांतीला न्योकाबीनं जयमालेची काळी साडी नेसली. घोट्यापर्यंतच आली. अंबुबाई म्हणाल्या, साडी आखूड पडली. मी म्हणाले, साडी बरोबर आहे, पाहणारीची नजर आखूड पडली.

आता तुला धक्का देते, बसून घे. मी थिकाला जाते आहे. एप्रिलात, दोन महिन्यांसाठी. पुन्हा दिसेल ह्याची हमी कुणी देत नसेल तर आपणच जाऊन बघावं. न्योकाबीच्या आईनं मोबाईलवर तोंड दाखवून बोलावलं. दत्तोबा म्हणाला, ह्या वयात, ते विमान, ते पाणी, ते खाणं. मी त्याला सांगितलं, जेजुरीची चढण मी तुला कडेवर घेऊन चढलेय, तू विमानाच्या पायऱ्यांचं काय सांगतोस? पासपोर्टच्या हापिसात जाऊन आले. तिथल्या पोरीनं सगळ्या बोटांचे ठसे काचेवर घेतले. मला बरं वाटलं, तिथं शिकलेल्यांनाही अंगठाच द्यावा लागतो.

आणि हे ऐक. तिकडं माझ्यासाठी खोली सजवायला लागलेत! न्योकाबीच्या भावानं कुठून कुठून सिनेमे बघून सोनेरी पडदे आणले. एका भिंतीवर झूल घातलेला हत्ती रंगवलाय, दुसरीवर पिसारा फुलवलेला मोर. काल मोबाईल फिरवून सगळं दाखवलं. त्यांच्या घरात हत्ती मी कशाला बघायला जाऊ, तो तर त्यांच्याच देशात हिंडतो! पण पोरगं असं तोंड करून उभं होतं की मला तू आठवलीस.

मग न्योकाबीच्या आईनं पुढं होऊन विचारलं, तिसरी भिंत बाकी आहे, पलंगाजवळची, तिच्यावर तुम्हाला काय लावलेलं आवडेल? न्योकाबीनं ते दिगूला सांगितलं, दिगूनं मला. तोंडानं सांगितलं, मान न हलवता. मी म्हणाले, ती तेवढी मोकळी ठेवा. रात्री उठलं की मला भिंत धरून चालावं लागतं.

पलीकडे ते पोचलं तशी न्योकाबीची आई उठली. मग मोबाईल हातात घेऊन आतल्या अंधाऱ्या खोलीत गेली आणि दिवा लावून स्वतःच्या पलंगाजवळची भिंत दाखवली. कमरेइतक्या उंचीवर रंगाचा एक लांब पट्टा हातांनी घासून निघाला होता.

एप्रिलाच्या आधी एकदा येऊन जा. तुझ्यावर जीव आहे, हे वेगळं लिहायची गरज नाही, तरी सुरय्याला लिहायला लावलं.

तुझी आजी,
सुभद्राबाई